वाट्याला पडलेली जमीन

बायबलच्या जुन्या करारातलं यहोशवाचं पुस्तक हातात घेतलेला वाचक पहिली बारा प्रकरणं भराभर संपवतो. यार्देन नदी ओलांडली जाते, यरीहोचा तट कोसळतो, लढायांमागून लढाया होतात. तेराव्या प्रकरणापासून मात्र सगळा नूरच पालटतो. कोणत्या वंशाला कुठला मुलूख मिळाला, त्याची हद्द कुठून निघाली, कोणत्या डोंगराला वळसा घालून कुठे उतरली, त्यात गावं किती, या याद्या एकविसाव्या प्रकरणापर्यंत चालू राहतात. बहुतेक वाचक इथे पानं उलटून पुढे जातात.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाने मात्र इथेच थांबावं. ही नऊ प्रकरणं म्हणजे जमिनीचं दप्तर आहे, आणि या जिल्ह्याला जमिनीच्या दप्तराची भाषा शिकवावी लागत नाही. वतन, इनाम, गायरान, मजरा, बांध, चिठ्ठी हे शब्द परांड्यापासून उमरग्यापर्यंत गावोगावच्या पारावर आणि तलाठ्याच्या सज्जात रोज वापरात आहेत. यहोशवाच्या पुस्तकातले मूळ हिब्रू शब्द या शब्दांच्या शेजारी ठेवले की त्यातले बरेचसे आपोआप उलगडतात. इंग्रजीच्या वाटेने गेलं तर 'वारसा', 'सीमा', 'वाटप' असं गुळगुळीत काहीतरी हाती लागतं. मूळ शब्दांना दोरीचा पीळ आहे आणि मातीचा वासही.

मराठीला हिब्रूची ओळख तशी नवी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला आपल्या धर्मग्रंथांची भाषा शिकता यावी म्हणून जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम हाती घेतलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता वाटणीकडे वळू. वाटणीचं सगळ्यांत तपशिलाचं वर्णन अठराव्या प्रकरणात आहे. सात वंशांना अजून जमीन मिळालेली नाही. यहोशवा प्रत्येक वंशातून तीन माणसं मागवतो आणि त्यांना सांगतो की देशभर पायी फिरा, जमीन लिहून काढा आणि माझ्याकडे या. ही माणसं गावागावांनुसार देशाचे सात भाग पाडतात आणि ते 'सेफेर'मध्ये म्हणजे वहीत नोंदवतात. मग शिलो इथे, देवाच्या मंडपापुढे, यहोशवा 'गोराल' टाकतो. आधी पाहणी, मग नोंद आणि शेवटी वाटप, असा हा क्रम आहे. परांड्याच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, आणि परांड्याचा किल्ला काही काळ निजामशाहीची राजधानी झाला. जमिनीची पाहणी करून, तिची प्रत ठरवून मग सारा बसवण्याची मलिक अंबरची पद्धत दख्खनच्या महसूल इतिहासात आजही सांगितली जाते.

'गोराल' हा शब्द मुळात खड्याचा. अरबीत याच्या जवळचा शब्द दगडाळ जमिनीसाठी आहे. खडे टाकून किंवा भांड्यात हलवून कौल घ्यायचा, ही जुनी रीत. मराठी बायबलात इथे 'चिठ्ठ्या टाकणे' आलं. शिलोला कागद नव्हता, तरी भाषांतर चुकलेलं नाही, कारण मराठी वाटणीत चिठ्ठी नेमकं तेच काम करते. भाऊ वेगळे निघताना चार जाणती माणसं बसतात, जमिनीचे वाटे पाडतात. विहिरीजवळच्या तुकड्याला माळाचा तुकडा जोडून दिला जातो, रस्त्याकडेची जमीन आणि आतली जमीन यांचा मेळ घातला जातो, आंब्याची झाडं मोजली जातात. मग वाटे कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून, घड्या घालून, एखाद्या लहान पोराच्या हाताने उचलून घेतात. वाटे माणसं पाडतात, पण कोणता वाटा कोणाचा हे माणूस ठरवत नाही. भांडण मिटतं ते यामुळे. शिलोलाही हाच हिशेब होता.

हिब्रूत या चिठ्ठीला तीन क्रियापदं लागतात. सोळाव्या प्रकरणाच्या आरंभी ती 'निघते'. अठराव्यात बन्यामीन वंशाची चिठ्ठी 'वर येते'. सतराव्यात मनश्शेचे वाटे 'पडतात', तिथलं क्रियापद 'नफल' म्हणजे सरळसरळ खाली पडणे. "थोरल्याच्या वाट्याला विहिरीचं रान पडलं" असं बोलणाऱ्या शेतकऱ्याला हे क्रियापद समजावून सांगण्याची गरजच नाही.

मनश्शेच्या वाट्यांसाठी तिथे जो शब्द आला आहे, तो 'हेवेल'. हेवेल म्हणजे दोर. दोराने जमीन मोजायची, म्हणून मोजून दिलेल्या तुकड्यालाही हेवेल. मापाचं साधनच मापाचं नाव झालं. मराठी मुलखातला 'गुंठा'ही मोजणीच्या साधनावरच बेतलेला आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. साखळी गेली, आता मोजणीला उपग्रहाचा संदेश पकडणारा रोव्हर घेऊन भूकरमापक येतो, पण हिशेब अजून गुंठ्यातच चालतो.

याच सतराव्या प्रकरणात एक तक्रारही नोंदली आहे. योसेफाचे वंशज म्हणतात, आम्ही एवढे पुष्कळ, आणि आम्हाला एकच गोराल, एकच हेवेल? यहोशवा त्यांना जास्तीची जमीन काढून देत नाही. तो म्हणतो, डोंगरात रान माजलं आहे, तिथे जा, झाडं तोडा आणि वहितीला आणा.

हद्दीचा शब्द आहे 'गेवूल'. याची गंमत अशी की तो रेषेलाही लागतो आणि रेषेच्या आतल्या मुलखालाही. इंग्रजी भाषांतरकारांना दर वेळी ठरवावं लागतं की इथे सीमा म्हणायचं की प्रदेश. मराठीत एकाच घरातले दोन शब्द तयार आहेत, शीव आणि शिवार. शीव म्हणजे गावाची कड. त्या कडेच्या आतलं सगळं रान म्हणजे शिवार. गेवूल वाचताना हे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवावेत.

आणि ही शीव यहोशवाच्या पुस्तकात चालते. आपल्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा स्थिर असतात, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. पंधराव्या प्रकरणात यहूदाची सीमा मात्र क्षारसमुद्राच्या टोकापासून 'निघते', विंचवांच्या घाटाच्या दक्षिणेने 'जाते', पुढे 'चढते', 'वळते', 'उतरते' आणि शेवटी समुद्राशी 'बाहेर पडते'. लिहिणाऱ्याने किंवा त्याला सांगणाऱ्याने ही वाट पायाखाली घातली असावी, असं वाटल्याशिवाय राहत नाही. क्षारसमुद्राच्या जमिनीत घुसलेल्या भागाला तिथे 'लाशोन' म्हणजे जीभ म्हटलं आहे. डोंगराच्या उताराला 'कातेफ', म्हणजे खांदा. बालाघाटच्या रांगांत वावरणारा माणूस डोंगराचा माथा, डोंगराची कूस, डोंगराची सोंड असं बोलतोच. जमिनीला अंग देण्याची ही सवय दोन्हीकडे आहे.

वाटेत 'एवेन बोहन', म्हणजे बोहनाचा दगड लागतो. बोहन हे माणसाचं नाव म्हणून दिलं आहे, पण हिब्रूत बोहन म्हणजे अंगठाही. हद्दीच्या दगडाचं मोल शेतकऱ्यांनाच ठाऊक. अनुवादाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या प्रकरणात, शेजाऱ्याचा गेवूल सरकवू नको अशी आज्ञा आहे, आणि पुढे सत्ताविसाव्या प्रकरणात तो सरकवणाऱ्याला शाप आहे. गावात याला बांध कोरणं म्हणतात. नांगराचं एक तास दर साली आत घालायचं, पाच-सहा वर्षांत बांध हातभर सरकतो. या हातभरापायी दोन पिढ्या कोर्टात जातात. यहोशवाच्या काळापासून या गुन्ह्याचा प्रकार बदललेला दिसत नाही.

याद्यांमध्ये गावांची प्रतवारीही आहे. तटबंदीच्या मोठ्या गावाला 'ईर', उघड्या वस्तीला 'हत्सेर'. काही ठिकाणी मोठ्या गावाच्या जोडीला 'बनोत' येतं. बनोत म्हणजे मुली. एक्रोन आणि तिच्या मुली, अशी नोंद पंधराव्या प्रकरणात आहे. अर्थ असा की एक्रोनला जोडलेल्या लहान वस्त्या. मराठी महसुलात यालाच मजरे म्हणतात. कसबे, मौजे, मजरे, वाडी, तांडा अशी उतरंड या जिल्ह्यातल्या गावांच्या नावांतच उमटली आहे.

यातलंच एक नाव कसबे तडवळे. यहोशवाच्या याद्यांतला सगळ्यांत वजनदार शब्द समजून घ्यायला धाराशिव जिल्ह्यात याहून योग्य गाव नाही.

तो शब्द 'नहला'. वंशाच्या, कुळाच्या, घराच्या वाट्याला आलेली आणि पुढे लेकराबाळांकडे जाणारी जमीन. इंग्रजीत त्याला वारसा म्हणतात, आणि वारसा म्हटलं की बापाच्या मृत्यूनंतर मिळणारी मालमत्ता डोळ्यांपुढे येते. नहला त्याहून घट्ट आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या प्रकरणात कायमच्या विक्रीला मनाई केली आहे. देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहायला आलेले. गरजेपोटी विकली तरी पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराकडे परत जायची. पहिल्या राजांच्या पुस्तकात नाबोथाची गोष्ट आहे. राजा अहाब त्याचा द्राक्षमळा मागतो, बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ करतो. व्यवहार वाईट नव्हता. नाबोथ नकार देतो, कारण तो मळा त्याच्या वाडवडलांची नहला आहे. त्या नकारापायी त्याचा जीव जातो.

नहलासाठी मराठी बायबलात शब्द आला तो वतन. दख्खनमध्ये वतन म्हणजे पिढीजात हक्क, आणि त्या हक्काला बांधलेली जमीन. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, देशमुखाचं वतन. ते घराण्याचं असे, भाऊबंदांत त्याच्या तक्षिमा पडत, आणि बाहेरच्याला ते देणं म्हणजे घरावर बट्टा. भाषांतरकारांनी निवडलेला शब्द नेमका होता. नाबोथाचा नकार मराठी वाचकाला वतन या एका शब्दात कळतो.

पण वतनाची दुसरी बाजूही आहे, आणि ती हिब्रू शब्दात नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. महार वतनाविरुद्धची त्यांची लढाई त्याआधीच सुरू झाली होती. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं होतं. महार वतन म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्याच्या मोबदल्यात न संपणारं काम. सरकारी टपाल वाहायचं, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करायची, हाक येईल तेव्हा हजर व्हायचं. आणि हे सगळं पिढ्यान् पिढ्या, कारण वतन सोडणं म्हणजे गावातला उरलासुरला आधार सोडणं. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. निजामाच्या राज्यातल्या इनामांसाठी हैदराबादचा कायदा १९५४ मध्ये आला होता.

म्हणून तडवळ्याचा माणूस जेव्हा मराठी बायबलात वाचतो की देवाने लोकांना वतन दिलं, तेव्हा त्याच्या कानावर दोन आवाज पडतात. एक नाबोथाचा, की हे माझं, विकणार नाही. दुसरा त्या परिषदेला जमलेल्यांचा, की हे जोखड आहे, काढून घ्या. हिब्रूतली नहला माणसाला मोकळं उभं करणारी जमीन होती. तिच्यावर राजाची चाकरी लादलेली नव्हती. वतन हा शब्द वाचताना हा फरक मनात धरलाच पाहिजे. शब्द बरोबर निवडला म्हणून त्याच्या मागचा इतिहास सारखा होत नाही.

या वाटपात एका वंशाला जमीनच मिळत नाही. लेवी हे देवाच्या सेवेतले, त्यांची नहला खुद्द देव. त्यांना राहायला अठ्ठेचाळीस गावं आणि प्रत्येक गावाभोवती 'मिग्राश' दिलं आहे. ग-र-श या धातूचा अर्थ हाकणे, तेव्हा मिग्राश म्हणजे जनावरं हाकून न्यायची मोकळी जागा, सरळ मराठीत गायरान. गणना पुस्तकात त्याचं मापही दिलं आहे, गावकुसापासून बाहेर हजार हात. लेवीय पुस्तक बजावतं की मिग्राशाची जमीन विकता येणार नाही. मराठवाड्यात गायरान हा आजही पेटता विषय आहे. ज्यांच्या नावावर कधीच काही नव्हतं अशा दलित, भटक्या कुटुंबांनी गायरानं कसली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, आणि तरी कितीतरी कुटुंबं सातबाऱ्यावर नाव चढायची वाट पाहत कसत राहिली.

इथे यहोशवाच्या पुस्तकातला एक अवघड शब्द टाळून चालणार नाही. 'यराश' म्हणजे ताब्यात घेणे, वारसा मिळवणे. त्याच धातूचं प्रयोजक रूप 'होरीश', म्हणजे हुसकावून लावणे. एकाला जमीन मिळणं आणि दुसऱ्याची जमीन जाणं हिब्रूत एकाच मुळातून बोललं जातं. या याद्यांच्या अधूनमधून एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, की अमक्या वंशाने तिथल्या कनानी लोकांना हुसकावलं नाही, ते त्यांच्यातच राहिले. वाटप कोऱ्या जमिनीचं नव्हतं. तिथे आधीची माणसं होती, आणि मजकूर ते लपवत नाही.

आता याद्यांमधल्या दोन गोष्टी. दोन्ही बायकांच्या आहेत.

पहिली पंधराव्या प्रकरणातल्या अखसेची. हेब्रोन तिच्या बापाच्या, कालेबाच्या वाट्याला आलेलं. तो जाहीर करतो की दबीर गाव जो जिंकेल त्याला मी माझी लेक देईन. दबीरचं जुनं नाव किर्याथ-सेफेर, म्हणजे पुस्तकाचं गाव. अथनिएल ते जिंकतो, लग्न होतं. सासरी निघताना अखसा नवऱ्याला बापाकडे शेत मागायला सांगते. मग स्वतःच पुढे होते. गाढवावर बसलेली ती, आणि इथे मजकुरात 'त्सनह' असं क्रियापद येतं. सबंध हिब्रू बायबलात हे क्रियापद तीनच जागी आहे. दोनदा अखसेच्या या गोष्टीत, जी शास्ते पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातही आहे, आणि एकदा त्याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात, याएल नावाच्या बाईने ठोकलेली मेख जमिनीत गेली तेव्हा. त्यावरून ती गाढवावरून खाली उतरली, असं बहुतेक भाषांतरं धरून चालतात. जुन्या ग्रीक भाषांतराने मात्र ती गाढवावरूनच ओरडली असं लिहिलं. तीनच जागी आलेल्या शब्दाचा अर्थ लावताना अभ्यासकांना किती चाचपडावं लागतं, याचा हा चांगला नमुना आहे.

कालेब विचारतो, "काय झालं तुला?" ती म्हणते, मला 'बेराखा' द्या. बेराखा म्हणजे आशीर्वाद, आणि आशीर्वादाने दिलेली भेटही. पुढचं वाक्य मोलाचं. 'एरेत्स हा-नेगेव नेतत्तानी.' एरेत्स म्हणजे जमीन. नेगेव हा दक्षिणेकडचा कोरडा मुलूख, शब्दाच्या मुळातच सुकण्याचा अर्थ आहे. नेतत्तानी म्हणजे 'तुम्ही मला दिलंत'. प्रश्न असा की इथलं 'मला' कोणतं? कोरडी जमीन मला दिलीत, की मलाच कोरड्या जमिनीत दिलीत? व्याकरणाने दोन्ही अर्थ लागतात, आणि भाषांतरकारांना यातला एकच निवडावा लागतो. मराठीत तशी वेळ येत नाही. लेक देणं हा आपला वाक्प्रचारच आहे. "मला कोरडवाहूत दिलंत" असं अखसा म्हणाली, असं लिहिलं तर दोन्ही अर्थ त्यात येतात. पाण्याचं गाव बघून लेक द्यावी, हे या अवर्षणाच्या जिल्ह्यात भूम-परांड्याच्या बायकांना कोणी सांगायला नको. टँकरची वाट पाहणाऱ्या, उन्हाळ्यात दोन-दोन मैलांवरून घागर आणलेल्या आज्या अजून आहेत.

म्हणून ती मागते 'गुल्लोत मायिम'. मायिम म्हणजे पाणी. गुल्ला म्हणजे वाडगा, खोलगट भांडं. देवळाच्या खांबांवरच्या वाटोळ्या शिखरांना आणि दिव्याच्या तेलाच्या भांड्यालाही हाच शब्द आला आहे. तेव्हा गुल्लोत मायिम म्हणजे झरेच असतील असं नाही. खडकात साठलेलं पाणी, कुंड, टाकं, बारव, यातलं काहीही असू शकेल. तुळजापूरच्या देवळात पायऱ्या उतरताना कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थं पाहिलेल्या माणसाला दगडात बांधलेल्या पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. कालेब तिला वरची गुल्लोत आणि खालची गुल्लोत, अशी दोन्ही देतो. जमिनीच्या रुक्ष दप्तरात एका लेकीने बापापुढे उभं राहून पाणी मागितलं, आणि लिहिणाऱ्याला ते नोंदवून ठेवावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट सलाफहादाच्या पाच मुलींची. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वाळवंटात वारला, मुलगा नव्हता. गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या प्रकरणात या पाच जणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि विचारतात की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का मिटावं? आम्हाला बापाच्या भावांबरोबर 'अहुज्जा' द्या. अहुज्जा म्हणजे मुठीत धरलेली जमीन, कब्जा. देवाचा निकाल त्यांच्या बाजूने लागतो. तो म्हणतो की या मुली बरोबर बोलतात, त्यांना नहला दे.

निकालाच्या शब्दांत एक बारीक फरक आहे, आणि यहुदी पंडितांनी तो प्राचीन काळीच हेरला. मुलगा नसेल तर नहला मुलीला द्यायची, तिथे क्रियापद 'हेएविर', म्हणजे ओलांडू देणे. मुलगीही नसेल तर भावांना, भाऊ नसतील तर चुलत्यांना, तिथे साधं 'नतन', म्हणजे देणे. मुलीच्या बाबतीत मात्र जमीन एका घरातून दुसऱ्या घरात पाऊल टाकते, म्हणून शब्द वेगळा, असं त्यांनी सांगितलं. याच भीतीने छत्तिसाव्या प्रकरणात भाऊबंद तक्रार घेऊन येतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केलं तर आमच्या वाट्यातून जमीन 'यिग्गारा', वजा होईल. तोडगा निघतो की मुलींनी जमीन घ्यावी, पण लग्न आपल्याच वंशात करावं. भावकीची जमीन भावकीत राहावी, हा हिशेब मराठवाड्यातल्या कुठल्याही घरी ऐकू येतो.

यहोशवाच्या सतराव्या प्रकरणात या पाच जणी पुन्हा येतात. आता मोशे नाही. मिळालेला निकाल कागदावर राहू नये म्हणून त्या एलाजार याजक आणि यहोशवा यांच्यापुढे जाऊन आपला हक्क मागतात, आणि वाटा घेतात. मघाशी मनश्शेचे हेवेल पडले म्हटलं, ते दहा होते, आणि त्याचा हिशेब इथे लागतो. मनश्शेची सहा कुळं, त्यातलं एक सलाफहादाच्या बापाचं, हेफेराचं. उरलेल्या पाच कुळांचे पाच वाटे आणि हेफेराच्या जागी या पाच बहिणींचे पाच.

ही निव्वळ गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, याला पुरावा आहे. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शोमरोन या जुन्या राजधानीच्या जागी शाईने लिहिलेली खापरं निघाली. ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जुनी खापरं पाहिलेल्यांना कळेल की मोडकं मडकं किती बोलतं. शोमरोनच्या खापरांवर दारू आणि तेल कुठल्या भागातून आलं, याच्या नोंदी आहेत. त्या भागांची नावं म्हणजे अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा. मनश्शेच्या सहापैकी हेफेर सोडून बाकी पाचही कुळं. आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन नावं आहेत, नोआ आणि होग्ला. तिरसा तर पुढे इस्राएलच्या राजांची राजधानीच झाली.

म्हणजे महसुलाच्या व्यवहारात त्या बहिणींच्या नावाचे मुलूख होते, आणि तिथून माल येत होता.

महाराष्ट्राने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये केली, आणि २००५ मध्ये तो हक्क देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो. दुरुस्तीच्या वेळी बाप हयात होता की नव्हता, याने फरक पडत नाही. तरी बाप गेल्यावर वारसनोंद झाली की लगेच बहिणींना तालुक्याला बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत गावोगाव चालूच आहे. माहेर तुटू नये म्हणून त्या सह्या करतात. धाराशिव जिल्ह्यातला सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. वाचकांनी आपल्या घरचा एकदा उघडावा, भोगवटादाराच्या रकान्यात बहिणींची नावं आहेत का ते पाहावं, आणि नसतील तर ती का नाहीत हे घरात विचारावं.